बागेतील शंका : सनचोकची लागवड, काढणी आणि नंतरची उस्तवारी

थंड प्रदेशात राहणाऱ्या वाचकांसाठी हिवाळ्यात काढता येणाऱ्या भाज्यांची माहिती देताना गेल्या अंकात आम्ही सनचोकचा ओझरता उल्लेख केला होता. सूर्यफुलाच्याच प्रजातीतील ही बहुवर्षायू वनस्पती मूळची उत्तर अमेरिकेची असून तिच्या जमिनीखालील कंदांची भाजी करतात. काही दुकानांत हे कंद जेरुसलेम आर्टिचोक या नावाने मिळतात, तर जर्मनीत त्यांना टोपिनांबूर म्हणतात. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचा संपूर्ण स्तंभ त्यांनाच द्यावा लागला. बहुतेकांनी ‘कसे लावावे’ असे विचारले आहे. वास्तविक या झाडाच्या बाबतीत लावणे हा सर्वांत सोपा भाग असून कुठे लावावे आणि केव्हा काढावे हे दोन प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. त्यामुळे उत्तरांत त्यांनाच अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : शेतकरी बाजारातून आणलेले अर्धा किलो सनचोक घरात आहेत. ते आल्याच्या गड्ड्यांसारखे वेडेवाकडे दिसतात. घरामागे टोमॅटो आणि मिरचीच्या वाफ्याशेजारी थोडी जागा आहे. खाण्यासाठी आणलेले हे कंद लावता येतील का? केव्हा, किती खोल आणि कोणते खत घालून लावावेत? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : खाण्यासाठी विकलेले कंद बेणे म्हणून उत्तम चालतात, मात्र ते टणक असावेत आणि सुरकुतलेले किंवा बुरशी धरलेले नसावेत. मोठा कंद असल्यास त्याचे साधारण ५० ग्रॅमचे, प्रत्येकी दोन-तीन डोळे असलेले तुकडे करावेत. बटाट्याप्रमाणे त्यांना आधी कोंब आणण्याची गरज नसते. कापलेले तुकडे उघडे ठेवल्यास लवकर वाळतात, म्हणून कापणी आणि लागवड एकाच दिवशी उरकावी.

आपल्याकडे मार्चअखेरपासून एप्रिलपर्यंत, माती हाताळण्याजोगी मोकळी झाली की लावणी करता येते. पहाटे गोठणाऱ्या दवाची, म्हणजे तिकडे ज्याला सगळे फ्रॉस्टच म्हणतात त्याची, फार धास्ती बाळगू नये, कारण जमिनीतील कंदाला त्याने काही होत नाही. खोली १० ते १५ सेंटिमीटर, दोन झाडांत ३० ते ४५ सेंटिमीटर आणि दोन ओळींत सुमारे ९० सेंटिमीटर अंतर ठेवावे. रोपे फूटभर वाढली की हळदीला किंवा बटाट्याला देतो तशी मातीची भर द्यावी. त्यामुळे उंच झाड वाऱ्याने कलत नाही.

जमीन कोणतीही चालत असली तरी भुसभुशीत जमीन निवडणेच शहाणपणाचे ठरेल. चिकण मातीत पीक येते, परंतु काढणीनंतर त्या वेड्यावाकड्या गाठींच्या खाचांमधून माती काढताना हौस पूर्ण फिटते. खत म्हणून लावणीपूर्वी चांगले कुजलेले कंपोस्ट मिसळले की पुरे. हिरवळीसाठी मिळणारी नत्रयुक्त खते घातल्यास झाड दांडगे वाढते आणि खाली कंद बेताचेच भरतात. पाऊस नसेल तेव्हा आठवड्याला साधारण अडीच सेंटिमीटर पाणी मिळावे. ऑगस्टपासून पुढे कंद भरण्याच्या काळात पाण्याचा ताण पडू देऊ नये.

आता जागेविषयी. हे झाड दीड ते तीन मीटर उंच होते. आपण म्हणता ती जागा टोमॅटोच्या दक्षिणेला असेल, तर ऐन उन्हाळ्यात टोमॅटोवर सावली पडेल. उत्तर गोलार्धात सनचोक नेहमी भाजीच्या वाफ्यांच्या उत्तरेला, कुंपणाच्या कडेला आणि शक्यतो त्याच्या एकट्याच्या मालकीच्या वाफ्यात लावावे. ‘एकट्याच्या मालकीच्या’ असे म्हणण्याचे कारण पुढे कोलंबस, ओहायो येथील वाचकाला दिलेल्या उत्तरात सापडेल.

शेवटचे म्हणजे, अर्धा किलो बेण्यातून आठ-दहा झाडे होतील आणि एका झाडाला एक ते दोन किलो कंद सहज मिळतात. चौघांच्या कुटुंबाला इतके सनचोक एका हिवाळ्यात खाऊन संपवणे अवघड आहे. चार तुकडे लावावेत आणि उरलेल्यांची भाजी करावी. पुढील वर्षी रोपवाटिकेतून बेणे घेण्याचा विचार असेल, तर ‘फ्यूजो’ हा लांबट, कमी गाठींचा वाण मागावा. ‘स्टॅम्पीड’ लवकर तयार होतो, पण तो गाठाळ असतो. सोलणाऱ्याचा विचार केल्यास पहिलाच बरा.

प्रश्न : एप्रिलमध्ये लावलेली झाडे माझ्या डोक्याच्याही वर गेली आहेत. सप्टेंबरच्या अखेरीस राहवले नाही म्हणून एक झाड उपटून पाहिले, तर करंगळीएवढे चार कंद निघाले. फुलेही आलेली नाहीत. लागवड फसली असे समजावे का? (एक वाचक, लेस्टर, इंग्लंड)

उत्तर : लागवड फसलेली नाही. आपण घाई केली, इतकेच. या झाडाच्या जमिनीखालील व्यवहार समजून घेतला तर काढणीची वेळ तोंडपाठ करावी लागत नाही.

उन्हाळ्याच्या मोठ्या दिवसांत झाड आपली सारी शक्ती उंची आणि पाने वाढवण्यात घालते. या काळात पानांनी तयार केलेले अन्न मुख्यतः दांड्यात साठत जाते. दिवस लहान होऊ लागले की जमिनीखालील पांढऱ्या धुमाऱ्यांची टोके फुगू लागतात आणि त्यांचे कंद बनतात. त्यानंतर पाने पिवळी पडतात, दांडा वाळू लागतो आणि दांड्यातील साठा हळूहळू खाली कंदांत उतरतो. म्हणजे आपल्याला बागेत झाड मरताना दिसते, त्याच आठवड्यांत कंद सर्वाधिक वेगाने भरत असतात. सप्टेंबरअखेर हिरवेगार झाड उपटले तर दांड्यातील तो सारा साठा आपण पाल्याबरोबर फेकून देतो. याच कारणासाठी, झाड कुरूप दिसते म्हणून हिरवा किंवा अर्धवट पिवळा दांडा कापण्याचा मोह टाळावा.

आपल्याकडे नोव्हेंबरमध्ये पाने काळवंडून लोंबू लागतील. दांडे पूर्ण तपकिरी झाले की जमिनीपासून वीतभर राखून ते कापावेत. हे खुंट हिवाळ्यात कंद कुठे आहेत याची खूण म्हणून उपयोगी पडतात. त्यानंतरही दोन-तीन आठवडे थांबता आले तर अधिक चांगले, कारण थंडीने कंदांची चव सुधारते. सनचोकमध्ये बटाट्यासारखा स्टार्च नसून इन्युलिन नावाचा कर्बोदकाचा प्रकार असतो. थंडीत त्यातील काही भागाचे विघटन होऊन फ्रुक्टोज आणि लहान साखळ्यांच्या शर्करा तयार होतात, त्यामुळे कंद गोडसर लागतो आणि पोटालाही थोडा हलका होतो. ऑक्टोबरमधील आणि जानेवारीमधील कंद एकाच झाडाचे असले तरी खाताना फरक स्पष्ट जाणवतो.

काढताना कुदळीऐवजी गार्डन फोर्क वापरावा. खुंटापासून फूट-दीड फूट अंतरावर तो उभा खुपसून खालून माती उचलावी. बहुतेक कंद खुंटाभोवतीच दाटीने असतात, परंतु काही धुमारे दोन-दोन फूट लांब पळालेले आढळतात. माती हाताने चाळून अगदी बोराएवढा तुकडाही उचलावा. ही मेहनत भाजीपेक्षाही पुढच्या वर्षीच्या मनःशांतीसाठी आवश्यक आहे.

इंग्लंडच्या हवामानात एक मोठी सोय अशी की जमीन क्वचितच खोलवर गोठते. त्यामुळे सर्व कंद एकदम काढण्याची काहीच गरज नाही. लागतील तसे नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत काढत राहावे. मार्चमध्ये कोंब फुटू लागण्यापूर्वी मात्र वाफा रिकामा करावा. फुलांची चिंता करू नये. आपल्याकडील उन्हाळ्यात काही वाणांना फुले फार उशिरा येतात आणि काहींना येतच नाहीत, पण त्याचा कंदांवर वाईट परिणाम होत नाही.

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये काढलेले कंद बटाट्यांबरोबर टोपलीत ठेवले. आठवड्यात ते मऊ पडून सुरकुतले. येथे डिसेंबरपासून जमीन दगडासारखी होते, त्यामुळे रोज ताजे काढणेही शक्य नाही. काय करावे? (एक वाचक, मिसिसॉगा, कॅनडा)

उत्तर : बटाट्याची साल जाड आणि बुचासारखी असते, त्यामुळे तो टोपलीत टिकतो. सनचोकची साल कागदासारखी पातळ असते आणि कंदातील पाणी तिच्यातून लवकर उडून जाते. म्हणून त्याला थंडावा आणि ओलावा दोन्ही लागतात. शून्य ते दोन अंश सेल्सिअस तापमान आणि भरपूर आर्द्रता मिळाली तर तो काही महिने टिकतो. घरात हे साधण्यासाठी कंद न धुता, फक्त माती झटकून, बादलीत ओलसर वाळूच्या थरांत ठेवावेत आणि ती बादली तळघरात किंवा न तापवलेल्या गॅरेजमध्ये ठेवावी. वाळू मुठीत दाबली असता पाणी निघता कामा नये. थोडेच कंद असतील तर भोके पाडलेल्या पिशवीत ओलसर कागदासह फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात दोन-तीन आठवडे राहतात. धुवायचे ते शिजवण्यापूर्वीच.

दुसरा मार्ग म्हणजे जमिनीलाच कोठार करणे. जमीन गोठण्यापूर्वी वाफ्यावर फूटभर जाडीचे गवताचे किंवा पाल्याचे आच्छादन घालावे. त्याखालची माती बऱ्याच उशिरापर्यंत खणण्याजोगी राहते. पूर्ण गोठली तरी कंद मरत नाहीत आणि वसंतात बर्फ वितळताच मिळणारे कंद सर्वांत गोड असतात. आच्छादनाखाली उंदरांच्या जातीचे प्राणी आश्रय घेतात, एवढे लक्षात ठेवावे. त्यांना सनचोक आपल्याइतकेच आवडते.

प्रश्न : मोठ्या उत्साहाने पाहुण्यांना सनचोकचा रस्सा केला. चव सर्वांना आवडली, पण रात्रभर घरातील सगळ्यांची पोटे गुरगुरत होती. कंद विषारी तर नव्हते ना? याला काही उपाय आहे का? (एक वाचक, सिएटल)

उत्तर : विषारी नव्हते. हा त्रास सनचोकइतकाच जुना आहे. इंग्लंडमधील वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन गुडयर यांनी १६२१ मध्ये, म्हणजे हा कंद युरोपात पोहोचून फार वर्षे झाली नव्हती तेव्हा, तो कसाही शिजवला तरी पोटात दुर्गंधीयुक्त वायू निर्माण करतो अशी तक्रार नोंदवून ठेवली आहे, आणि हे अन्न माणसांपेक्षा डुकरांना अधिक योग्य असा शेराही मारला आहे. गुडयर यांचा शेरा आम्हाला अंमळ कडक वाटतो, परंतु तक्रार खरी आहे.

कारण पुन्हा इन्युलिनच. ते पचवणारे विकर माणसाच्या लहान आतड्यात नसते. त्यामुळे ते जसेच्या तसे मोठ्या आतड्यात जाते आणि तेथील जिवाणू त्याला आंबवतात. हे जिवाणूंसाठी चांगले खाद्य असल्याने आहारतज्ज्ञ त्याची स्तुती करतात, पण आंबवताना वायू तयार होतो आणि तो ज्याचा त्यालाच सोसावा लागतो. कोणाला किती त्रास होईल हे व्यक्तीनुसार बदलते.

पूर्ण इलाज नाही, पण त्रास बराच कमी करता येतो. पहिली गोष्ट प्रमाणाची : पहिल्यांदा खाणाऱ्याने दोन-तीन लहान फोडींवरच थांबावे आणि काही दिवसांनी प्रमाण वाढवावे. आपण वाटीवाटीने रस्सा वाढला असणार. दुसरी गोष्ट, थंडी लागलेले किंवा फ्रिजमध्ये काही आठवडे राहिलेले कंद वापरावेत. तिसरी आणि सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे आंबट पाण्यात उकळणे. चकत्या करून भरपूर लिंबाचा रस पिळलेल्या पाण्यात पंधरा मिनिटे उकळाव्यात आणि ते पाणी टाकून द्यावे. आम्ल आणि उष्णता यांमुळे इन्युलिनच्या साखळ्या तुटतात, काही भाग पाण्यात उतरतो आणि फोडी काळ्याही पडत नाहीत. हिंग, ओवा आणि आले घालण्याची आपली पद्धत चवीला पूरक आहे, तिने बिघडत काहीच नाही, परंतु केवळ चिमूटभर हिंगावर विसंबून मोठी वाटी भरून घेऊ नये.

रश्श्यापेक्षा काचऱ्या करून पाहाव्यात. साल काढण्याचा हट्ट न धरता ब्रशने घासून घ्यावे, पातळ चकत्या वरीलप्रमाणे उकळून निथळाव्यात आणि मोहरी, हिंग, कढीपत्ता यांच्या फोडणीत मोठ्या आचेवर कडा लालसर होईपर्यंत परताव्यात. झाकण ठेवल्यास त्यांचा लगदा होतो. बटाटा शिजत राहतो तसा हा कंद शिजत राहत नाही. तो कच्चा आहे असे वाटत असतानाच अचानक विरघळतो, तेव्हा गॅसपासून हलू नये. कच्च्या कंदाला शिंगाड्यासारखा कुरकुरीतपणा असतो. किसून, दाण्याचे कूट आणि लिंबू घालून कोशिंबीर छान होते, पण ती चमचाभरच घ्यावी, कारण कच्च्या कंदातील इन्युलिन कुठेही कमी झालेले नसते.

प्रश्न : मला मधुमेह आहे. बटाट्याऐवजी सनचोक कितीही खाल्ले तरी चालते असे ऐकले. खरे आहे का? (एक वाचक, सॅन होजे)

उत्तर : ‘कितीही’ हा शब्द सोडून द्यावा. इन्युलिनचे पचनात ग्लुकोज होत नाही, म्हणून बटाट्याच्या तुलनेत रक्तातील साखर कमी वाढते, हे खरे आहे. परंतु वर सांगितल्याप्रमाणे साठवणीत त्यातील काही भाग शर्करांत बदलतो. १०० ग्रॅम कंदात सुमारे १७ ग्रॅम कर्बोदके असतात. त्याबरोबर पोटॅशियमही ४०० मिलिग्रॅमहून अधिक असते, त्यामुळे मूत्रपिंडाच्या विकारासाठी पथ्य असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावे. औषधांच्या मात्रेत स्वतः बदल करू नये, हे सांगायला नकोच.

प्रश्न : सनचोक उपवासाला चालते का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ज्या काळात उपवासाचे नियम ठरले त्या काळी हा कंद आपल्याकडे कोणी पाहिलेला नव्हता, त्यामुळे परंपरेचा आधार देता येणार नाही. तथापि बटाटा, रताळे आणि साबुदाणा ज्याच्या मुळांपासून करतात तो टॅपिओका हे तिघेही अमेरिकेतूनच आले आणि आपल्या उपवासाच्या ताटात मानाने बसले आहेत. चौथ्या पाहुण्याला अडवण्याचे कारण दिसत नाही. निर्णय ज्याच्या त्याच्या घरचा. आमचा आक्षेप निराळा आहे : दिवसभराच्या रिकाम्या पोटी हा कंद पहिल्यांदा खाऊन पाहू नये.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी हौसेने लावलेले सनचोक आता अख्ख्या वाफ्यात पसरले असून कुंपणाखालून शेजाऱ्यांच्या हिरवळीत उगवू लागले आहे. दरवर्षी सगळे काढतो, तरी पुन्हा येते. शेजारी आता बोलेनासे झाले आहेत. कायमचे घालवण्याचा उपाय सांगावा. (एक वाचक, कोलंबस, ओहायो)

उत्तर : आपण ‘सगळे काढतो’ असे लिहिले आहे. सगळे निघत नाही, हीच अडचण आहे. मातीत राहिलेला एक डोळ्याचा तुकडाही नवे झाड देतो. हे झाड आपल्या भागातलेच, तेथील आदिवासी समाजांनी युरोपीय लोक येण्याच्या आधीपासून लावलेले आणि खाल्लेले आहे. १६०५ मध्ये फ्रेंच दर्यावर्दी सॅम्युएल द शांप्लँ यांनी केप कॉडच्या किनाऱ्यावर स्थानिकांच्या बागांत ते पाहिल्याची नोंद आहे. त्या मातीत आणि थंडीत मुरलेल्या झाडाला उपटून संपवण्याऐवजी उपाशी ठेवून संपवावे लागते.

त्याची वेळ जूनमध्ये असते. वसंतात जुन्या कंदातील साठा वापरून कोंब वर येतो. झाड गुडघा-कमरेएवढे होईपर्यंत जुना कंद जवळपास रिकामा झालेला असतो आणि नवे कंद अजून धरलेले नसतात. नेमक्या याच वेळी झाड जमिनीलगत कापावे. दोन-तीन आठवड्यांत ते पुन्हा फुटेल, तेव्हा पुन्हा कापावे आणि हे शरद ऋतूपर्यंत चालू ठेवावे. शेजाऱ्यांच्या हिरवळीत तर नियमित गवतकापणीनेच काम होईल, तेवढे त्यांना सांगावे म्हणजे बोलणेही सुरू होईल. पहिल्या वर्षी बहुतांश झाडे संपतील, दुसऱ्या वर्षी चुकार कोंब मे महिन्यात दिसताच जुन्या कंदासकट उचलावेत. पाऊस पडून गेल्यावर माती सैल असताना हे सोपे जाते.

दोन गोष्टी मुळीच करू नयेत. यंत्राने वाफा नांगरू नये, कारण पाते एका कंदाचे दहा तुकडे करून सगळीकडे पेरते. काढलेले कंद घरच्या कंपोस्टच्या ढिगात टाकू नयेत, कारण तो ढीग सहसा इतका तापत नाही की कंद मरतील. वसंतात तेच कंपोस्ट वाफ्यांत गेले की सनचोकही गेले.

पुन्हा कधी लावण्याची इच्छा झाली, तर ४० ते ६० लिटरच्या मोठ्या कुंडीत दोन झाडे लावावीत. काढणीच्या दिवशी कुंडी ताडपत्रीवर उपडी केली की एकही तुकडा नजरेतून सुटत नाही. जमिनीतच लावायचे असेल, तर वाफ्याभोवती दोन फूट खोल जाड प्लास्टिकचा किंवा पत्र्याचा अडसर उभा पुरावा आणि त्याची कड जमिनीच्या वर चार बोटे ठेवावी. मूळ वाफा खणण्याआधी ही तरतूद केली तर तासाभराचे काम असते, झाड पसरल्यानंतर करायला गेल्यास आठवडा जातो.

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीत असते. डिसेंबरमध्ये येताना ती सनचोकचे कंद आणणार आहे. पुण्यात बंगल्याभोवती थोडी मोकळी जागा आहे. येथे लागवड यशस्वी होईल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : पहिल्यांदा मुलीला कंद आणू नकोस असे कळवावे. परदेशातून लागवडीयोग्य कंद, मुळे किंवा रोपे भारतात आणण्यासाठी २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार आयात परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचे फायटोसॅनिटरी, म्हणजे माल रोगकिडींपासून मुक्त असल्याचे, प्रमाणपत्र लागते. सामानातून सहज आणलेले कंद विमानतळावर जप्त होऊ शकतात आणि त्यांना चिकटलेल्या मातीतून रोगकिडी येण्याचा धोका खरा आहे. त्याऐवजी देशातीलच एखाद्या रोपवाटिकेत चौकशी करावी. बियांची पाकिटे मात्र घेऊ नयेत. सनचोकची लागवड कंदांपासूनच करतात.

आता यशाविषयी. झाड पुण्यात वाढेल, पण थंड प्रदेशातील उत्पन्नाची अपेक्षा ठेवू नये. पुण्यातील सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, तर न्यू जर्सीत तो पंधरा तासांचा असतो. दिवस लहान होण्याचा इशारा येथे लवकर मिळतो, म्हणून झाड पुरेसे वाढण्यापूर्वीच कंद धरू लागते. शिवाय उन्हाळ्याची काहिली त्याला मानवत नाही. यावर व्यवहार्य मार्ग म्हणजे पावसाच्या सुरुवातीला, जूनमध्ये लावणे. पाणी साचू नये म्हणून गादीवाफा किंवा मोठी ग्रो बॅग वापरावी, कारण उष्ण आणि ओलसर मातीत भुईमुगाच्या बुंध्याशी दिसते तशी पांढरी बुरशी याही झाडाला लागते. ज्या जागी आदल्या वर्षी भुईमूग किंवा सूर्यफूल होते ती जागा टाळावी. रोगट झाड दिसल्यास भोवतालच्या मातीसह काढून टाकावे.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाला वाळला की काढणी करावी. येथे जमिनीत थंडीचे कोठार मिळत नाही, त्यामुळे कंद मातीत ठेवून उपयोग नाही. ते कुजतात किंवा अवेळी फुटतात. पुढच्या जूनसाठी बेणे राखायचे असल्यास चांगले कंद निवडून ओलसर कोकोपीटमध्ये, भोके पाडलेल्या पिशवीत फ्रिजमध्ये ठेवावेत. हे केवळ टिकवण्यासाठी नाही. या कंदाची सुप्तावस्था मोडायला थंडी लागते, आणि दीड-दोन महिने गारवा न मिळालेले बेणे जमिनीत नुसते पडून राहते. खाण्याच्या कंदांनाही तोच फ्रिज गोडी आणील.

हौसेसाठी एका ग्रो बॅगेत दोन झाडे लावण्यास आमची हरकत नाही. परंतु जागा मोजकी आणि भाजीची अपेक्षा खरी असेल, तर त्याच जागेत सुरण, करांदा किंवा कोनफळ लावावे असे आम्ही सुचवू. त्यांना आपला पाऊस कळतो, बेणे कोकणातील कोणत्याही बाजारात मिळते आणि त्यांच्यासाठी फ्रिजमध्ये कप्पा राखावा लागत नाही.

प्रश्न : सनचोकला सप्टेंबरअखेर भरपूर पिवळी फुले आली आहेत. येथे झेंडू सहज मिळत नाही. नवरात्रात आणि दसऱ्याला ही फुले तोडली तर कंद कमी भरतील का? (एक वाचक, श्टुटगार्ट, जर्मनी)

उत्तर : कमी भरणार नाहीत. झालाच तर थोडा फायदा होईल, कारण फुलांकडे जाणारे अन्न कंदांकडे वळते, आणि म्हणूनच काही बागाईतदार कळ्याच खुडून टाकतात. फुले लहान सूर्यफुलांसारखी, पाच ते दहा सेंटिमीटर रुंदीची असतात. तोरणात ओवण्यासाठी देठ नाजूक पडतो, म्हणून फुलामागच्या हिरव्या गाठीतून सुई घालावी. सकाळी दव उतरल्यावर तोडलेली फुले पाण्यात ठेवल्यास काही दिवस राहतात. सूर्यफुलाच्या कुळातील परागकणांची ॲलर्जी घरात कोणाला असेल तर ती देवघरात न ठेवता दाराबाहेरच्या तोरणापुरतीच वापरावीत. तोडताना फूल आणि त्याखालचा वीतभर देठ एवढेच घ्यावे. खालची पाने दसऱ्यानंतरही महिनाभर कंद भरण्याचे काम करणार असतात, त्यांना हात लावू नये.